माप एकच हवे

राहुल गांधी यांनी १७ नोव्हेंबर २०२२ रोजी अकोला जिल्ह्यात सावरकरांचा माफीचा अर्ज पुढे केला. दुसऱ्याच दिवशी शेगावला त्यांची सभा झाली. भाजप निषेधासाठी रस्त्यावर उतरला. परंतु त्याच पक्षाचे सुधांशू त्रिवेदी यांनी सावरकरांच्या बचावासाठी शिवाजी महाराजांच्या औरंगजेबास लिहिलेल्या पत्रांना माफीपत्रे ठरविले, तेव्हा ते तसे बोललेच नाहीत, असा खुलासा फडणवीसांनी केला. शिवराय जुन्या काळचे आदर्श, असे म्हणणाऱ्या राज्यपाल कोश्यारींना हटवा, हे सत्ताधारी आघाडीतून उघडपणे म्हणणारे बुलढाण्याचे आमदार संजय गायकवाड विरळाच!

विरोधकही धुतल्या तांदळासारखे नव्हते. महापुरुषांच्या अवमानाविरुद्ध १७ डिसेंबरला मुंबईत महामोर्चा काढणारे, पंधरवड्यातच अजित पवारांनी संभाजीराजांना ‘धर्मवीर’ म्हणणे नाकारताच संदर्भ समजावू लागले. आणि कोश्यारींबाबत मवाळ असणारे रस्त्यावर आले.

अर्ज असो वा पत्र, ते केव्हा, कोणत्या परिस्थितीत, कशासाठी लिहिले, हे अस्सल साधनांवरून ठरते. वक्त्याच्या झेंड्यावरून नव्हे. जिजाऊंचे सिंदखेडराजा ज्या जिल्ह्यात आहे, तेथील कार्यकर्त्याने हे माप प्रथम आपल्याच व्यासपीठाला लावावे. तरच दुसऱ्यास जाब विचारण्याचा अधिकार आपणांस उरेल.