संगणकातले आकाश आणि गच्चीवरचे आकाश

आपल्या माजी विद्यार्थ्यांनी शाळेला फिरते तारांगण, मोठा पडदा आणि आकाशदर्शनाचे सॉफ्टवेअर घेऊन देण्याचा विचार मांडला आहे, आणि त्यावर पालक-शिक्षकांची मते मागवली आहेत. सव्वीस वर्षे या शाळेत विज्ञान शिकवले आणि अजूनही शनिवारी मुलांना घेऊन गच्चीवर जातो, म्हणून हे चार शब्द. माझा विरोध नाही. पण एक अट आहे, आणि ती का आहे हे सांगण्यासाठी मला माझीच एक चूक सांगावी लागेल.

फेब्रुवारी २०२३ मधली गोष्ट. आठवीच्या मुलांना मी सोपे काम दिले होते: गच्चीवर काठी रोवा, तिच्याभोवती वर्तुळ काढा, सकाळी काठीच्या सावलीचे टोक वर्तुळाला शिवेल ती वेळ लिहा आणि दुपारी पुन्हा शिवेल तीही लिहा. दोहोंच्या मधली वेळ म्हणजे आपल्या गावची खरी माध्यान्ह. ही रीत आपल्याकडे शुल्बसूत्रांच्या काळापासून दिशा साधण्यासाठी वापरत आले आहेत. एका मुलीने ११.३२ आणि १.५० अशा वेळा लिहिल्या आणि माध्यान्ह काढली १२.४१. मी वर्गातल्या संगणकावर पाहिले, तिथे १२.५३ होते. बारा मिनिटांची चूक! लाल शाईने खूण केली आणि शेजारी लिहिले, ‘घड्याळ तपासा.’ दुसऱ्या दिवशी तिने पान नीट पुन्हा लिहून आणले. त्यात दुपारची वेळ १.५० ऐवजी २.१४ होती आणि उत्तर बरोबर १२.५३ आले होते. मी ‘छान’ असा शेरा दिला.

१ मार्चला संध्याकाळी शुक्र आणि गुरू अगदी जवळ येणार होते, अर्ध्या अंशाच्या आसपास. मुले जमली. बाहेर सूर्य मावळून गेला होता आणि आत पडद्यावर तो अजून क्षितिजाच्या वर होता. एका मुलाने पडद्याच्या कोपऱ्यातले बारीक अक्षर वाचले, ‘सर, इथे मुंबई लिहिले आहे.’ महिनाभरापूर्वी इंटरनेटचे कनेक्शन बदलले होते. सॉफ्टवेअरने गाव आपोआप ओळखण्याच्या नादात इंदूरला मुंबईत नेऊन बसवले होते. गणित त्याने चोख केले होते, पण दुसऱ्या गावाचे!

आता हिशेब पाहा. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, इंदूर ७५.९ अंशांवर. एका अंशाला चार मिनिटे, म्हणजे आपली माध्यान्ह सुमारे साडेसव्वीस मिनिटे उशिरा. फेब्रुवारीच्या मध्याला सूर्य स्वतःच घड्याळापेक्षा चौदा मिनिटे मागे असतो. बेरीज साडेचाळीस मिनिटे. म्हणजे काठी आणि खडूच्या जोरावर त्या मुलीचे उत्तर अर्ध्या मिनिटाच्या आत बरोबर होते. मुंबई आणखी तीन अंश पश्चिमेला, म्हणून तिथे बारा मिनिटे जास्त.

त्याच संध्याकाळी सगळ्यांसमोर मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, ‘सर, मला वाटलंच होतं की मी बरोबर पाहिलंय.’ मग २.१४ का लिहिलेस, हे विचारण्याचे धाडस मला झाले नाही. कारण मला माहीत होते.

माझा मुद्दा एवढाच आहे. सॉफ्टवेअर चुकले याचे मला फारसे काही वाटत नाही, गाव बदलले की ते दुरुस्त होते. एका चांगल्या निरीक्षक मुलीने माझ्यामुळे डोळ्यांनी पाहिलेली वेळ खोडून न पाहिलेली वेळ लिहिली, हे दुरुस्त कसे करायचे?

आपल्या मराठी माणसांना तर हे नव्याने सांगायला नको. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी इ.स. १५२० मध्ये ‘ग्रहलाघव’ रचला, आणि त्यांचे वडील केशव दैवज्ञ हे ग्रह प्रत्यक्ष पाहून गणित पडताळणारे म्हणून ओळखले जात. गणिताने आलेली जागा आणि डोळ्यांना दिसलेली जागा जुळणे, याला आपण दृक्प्रत्यय म्हणतो. एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्रे आणि पुढे बागलकोटचे शाळामास्तर व्यंकटेश बापूजी केतकर यांनी नव्या गणिताने पंचांग सुधारण्याचा खटाटोप केला तो याच एका शब्दापायी. आणि दूर कशाला, आपल्या शेजारी उज्जैनला सवाई जयसिंहांची वेधशाळा आहे. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांच्या पुढाकाराने १९२३ मध्ये तिचा जीर्णोद्धार झाला आणि गोविंद सदाशिव आपटे यांनी तिचा कारभार पाहिला. तासाभराच्या वाटेवर सम्राट यंत्र उभे असताना आपण मुलांना सहलीला वॉटर पार्कमध्ये नेतो! (यंदा नेले, म्हणून लिहिले. राग नसावा.)

सॉफ्टवेअर मुळातच कुचकामी, असे मात्र मी म्हणणार नाही. २२ जुलै २००९ च्या सकाळी इंदूर खग्रास पट्ट्यात होते. आमच्या गच्चीवरून ढगांमुळे सूर्य दिसला नाही, पण सांगितलेल्या वेळेला अंधार पडला, पाखरे गप्प झाली आणि सुमारे तीन मिनिटांनी उजाडले. असल्या ठिकाणी गणिताला नमस्कारच करावा.

पण त्याला ठाऊक नसते अशाही गोष्टी आहेत. २०१३ मध्ये आयसॉन धूमकेतू पडद्यावर झळाळत होता, आणि नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्याजवळून जाताना तो खरोखरीचा विस्कटून गेला. फेब्रुवारी २०२० मध्ये मृगातली तांबडी काक्षी इतकी मंदावली होती की नवख्या मुलांनाही रोहिणीपेक्षा ती फिकी दिसली. सॉफ्टवेअरमध्ये तिची प्रत होती तीच राहिली. ७ सप्टेंबर २०२५ च्या खग्रास चंद्रग्रहणात छाया चंद्राला शिवण्याची वेळ रात्री ९.५७ दिली होती, मुलांनी ढगांच्या फटीतून पाहून ९.५५ पासून १०.०३ पर्यंत लिहिली. हा मुलांचा निष्काळजीपणा नव्हे. पृथ्वीच्या छायेची कड वातावरणामुळे धूसर असते, आणि छाया कागदावरच्या भूमितीपेक्षा किंचित मोठी धरावी लागते. ती नेमकी किती मोठी धरायची, यावर पंचांगकर्त्यांच्या दोन रीती आहेत आणि त्यांच्या वेळा जुळत नाहीत. अशा वेळी मुलाच्या वहीतला आकडा खोडायचा कोणत्या तोंडाने?

जाता जाता एक. सॉफ्टवेअरवर महाभारताची तारीख काढल्याचे लेख आपल्याकडे हौसेने वाचले जातात. पृथ्वीचे फिरणे हळूहळू मंदावत आले आहे. पाच हजार वर्षे मागे गेलो तर या एका कारणाने कित्येक तासांचा फरक पडतो आणि तो किती हे कोणालाच नेमके सांगता येत नाही. म्हणजे त्या काळचे एखादे ग्रहण कुरुक्षेत्रावर दिसले की दुसऱ्या खंडावर, तेही पडदा छातीठोकपणे सांगू शकत नाही. चित्र मात्र तो सुबक दाखवतो.

काही पालकांचे म्हणणे आहे की रात्री मुलींना थांबवता येणार नाही आणि शहरात दिव्यांमुळे दिसते तरी काय. पहिले म्हणणे रास्त आहे, म्हणूनच मी दिवसाच्या सावलीपासून सुरुवात करा म्हणतो. दुसऱ्याला उत्तर एवढेच की चंद्र, शुक्र, गुरू आणि मृग राजवाड्याच्या चौकातूनही दिसतात. शून्य सावलीचा दिवस मात्र इंदूरच्या शाळांवर रुसलेला आहे. तो एकदा जूनच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस येतो तेव्हा सुटी, आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात येतो तेव्हा पाऊस.

तर माझी अट अशी. पडदा जरूर घ्या, पण त्याआधी गच्चीवर एक पक्की काठी आणि सिमेंटमध्ये कोरलेले वर्तुळ करून घ्या, खर्च फारसा नाही. निरीक्षणाच्या वहीत दोन रकाने ठेवा, पहिला डोळ्यांचा, दुसरा संगणकाचा. पहिला शाईने भरून झाल्याशिवाय पडदा लावायचा नाही. दोन्ही जुळले नाहीत तर खाडाखोड न करता कारण शोधायचे, आणि गुण त्या शोधाला द्यायचे. शिक्षकांनी या वहीत लाल पेन वापरू नये. यात मी स्वतः आलो.

येत्या फेब्रुवारीच्या मध्याला वर्तुळ खडूनेच का होईना, मी काढणार आहे. पालकांपैकी ज्यांना यायचे असेल त्यांनी अकराच्या आत गच्चीवर यावे, आणि येताना घड्याळ रेडिओच्या वेळेला लावून आणावे.