टिचभर बेन्झ

माझा एक मित्र. नोकरी हिंजवडीत, घर पौडला. दाराबाहेर मुळशीचा पाऊस आणि कपाटात गाड्या! गाड्या म्हणजे स्केल मॉडेल्स, त्यातही मोटारीच्या अगदी बालपणातली. सगळी सीलबंद. 'बॉक्स उघडला की भाव उतरतो बॉस,' हे त्याचं ठरलेलं उत्तर.

गेल्या पावसाळ्यानंतर कपाट उघडलं, तर खोक्यांवर बुरशी. कपाट बाहेरच्या ओल्या भिंतीला टेकलेलं, आत सिलिका जेलची एक पुडीही नाही! त्याचा चेहरा बघवेना. म्हटलं, भाव तर गेलाच, आता तरी बाहेर काढ.

पहिली निघाली बेन्झ पेटंट मोटरवॅगन. साल १८८६. तीन चाकं, एक सिलिंडर, ताकद पाऊण हॉर्सपॉवर. मूळ गाडी २.७ मीटर लांब, १:१८ मध्ये जेमतेम १५ सेंटिमीटर. मागे ते आडवं फ्लायव्हील... काय दिसतं यार!

'ही कोण चालवायचं?' त्याच्या सहा वर्षांच्या मुलीचा प्रश्न. मग मी बर्थाबाईंची गोष्ट सांगितली. १८८८ च्या ऑगस्टमध्ये कार्ल बेन्झच्या या पत्नीनं नवऱ्याला न सांगता याच गाडीची सुधारित आवृत्ती काढली, दोन मुलांना घेतलं आणि मॅनहाइमहून थेट माहेर, फोर्ट्सहाइम! शंभरेक किलोमीटर. वाटेत इंधन संपलं, तर ते चक्क औषधाच्या दुकानातून घेतलं.

ऐकता ऐकता पोरीनं गाडी उचलून चाक फिरवलं. मित्र 'हळू गं' म्हणाला, पण गाडी काही परत मागितली नाही.