मासे पहाटे गुदमरतात

मे महिन्यात विदर्भात पारा ४५च्या आसपास गेला की परसातल्या हौदात गोल्डफिश मरू लागतात आणि घरोघरी दुपारच्या उन्हाला बोल लावला जातो. मग भर दुपारी बर्फ टाकायचा, नाहीतर नळाला पाइप जोडून सगळं पाणी बदलायचं. जीव तुटतो म्हणूनच माणसं हे करतात, पण अशा अचानक बदलाचा धक्का माशांना सोसत नाही.

खरी अडचण पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूची आहे. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. वर उकाड्यात माशांची गरज वाढलेली. दिवसा शेवाळ आणि पाणवनस्पती प्राणवायू सोडतात, रात्री मात्र त्याही तो वापरतात. त्यामुळे साठा तळाला जातो तो उजाडताना. हौदाकडे जायचं ते तेव्हा, चहाच्याही आधी. मासे पाण्याच्या वरच्या थराशी येऊन तोंडाची उघडझाप करत असतील, कल्ले भराभर हलत असतील, तर ते खाणं मागत नाहीत, गुदमरताहेत. हौदातलंच पाणी मगाने उंचावरून पुन्हा पुन्हा ओता. एअर पंपाचा आवाज नको म्हणून तो झोपताना बंद करणारी घरं बरीच आहेत. उन्हाळ्यात तो रात्रभर चालायलाच हवा.

खाणं अगदी थोडं, ऊन वर आल्यावर. उरलेलं कुजतं, प्राणवायू खातं आणि अमोनिया वाढवतं. गरम पाण्यात तो अधिक विषारी ठरतो. हौदावर शेडनेट बांधा किंवा कमळाच्या पानांची सावली होऊ द्या, जलपर्णीने मात्र सगळं पाणी झाकू देऊ नका. आटलेलं पाणी संध्याकाळी थोडं थोडं भरा, तेही क्लोरीन उडून जावं म्हणून दिवसभर उघड्या टबात ठेवलेलं. आणि वीतभर खोलीच्या शोभेच्या सिमेंट टाक्यांत मासे सोडूच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे त्यांना उन्हापासून खाली जायला जागाच नसते.

वळवाच्या पहिल्या सरीने आपल्याला हायसं वाटतं, हौदात मात्र तळाचा गाळ ढवळून वर येतो आणि उरलासुरला प्राणवायूही जातो. छपराची पन्हळ हौदात उतरत असेल तर ती आत्ताच दुसरीकडे काढा.