तांबट आळीतला पक्षी

पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत तांब्यावर पडणारे हातोडीचे ठोके आजही ऐकू येतात. उन्हं तापू लागली की तसाच ठोका शहरातल्या वडा-पिंपळांवरूनही येतो, टुक्-टुक्-टुक्. अंगाने हिरवा, कपाळावर लाल टिळा, चिमणीहून थोडा मोठा असा हा पक्षी. त्याचंही नाव तांबटच. माणसाचा धंदा, गावातली आळी आणि झाडावरचा आवाज, तिन्ही एका नावात. चार वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन दाखवायच्या चित्रपुस्तकाला याहून चांगला विषय कोणता असेल? तरीही आपल्या कितीतरी घरांत मुलाला पुस्तकातला रॉबिन आधी ओळखू येतो आणि तांबट कधीच नाही. याचं खापर इंग्रजी शाळांवर फोडणं सोपं आहे, पण दुखणं त्याहून जुनं आहे.

1806 साली तंजावरला सरफोजीराजांच्या छापखान्यात ‘बालबोध मुक्तावली’ छापली गेली, ती इसापाच्या गोष्टींची. 1828 मध्ये सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी पुन्हा इसापच मराठीत आणला. म्हणजे आपल्या छापील बालसाहित्याच्या उंबरठ्यावरच कोल्हा, सिंह, कावळा उभे होते. मात्र ते आले तात्पर्य घेऊन. कोल्हा लबाड आणि गाढव मूर्ख, हे एकदा ठरलं की कोल्हा काय खातो, पिल्लांना कुठे ठेवतो हे विचारायचं कारणच उरत नाही. पंचतंत्रावर वाढलेल्या समाजाला त्यात काही खटकलंही नाही. प्राणी पुस्तकात होते, पण त्यांच्याकडे पाहायला कुणी शिकवत नव्हतं.

रंगीत छपाईची अडचण होती म्हणावं, तर पुण्यात चित्रशाळा प्रेस 1878 पासून देवादिकांची आणि इतिहासपुरुषांची रंगीत चित्रं काढत होता. ती घरोघरच्या भिंतींसाठी होती. वासुदेव गोविंद आपटे यांनी 1906 मध्ये ‘आनंद’ मासिक सुरू केलं आणि मुलांनी आनंदासाठी वाचावं हे नावातच सांगून टाकलं. पण ते होतं वाचता येणाऱ्या मुलांसाठी. अक्षरओळख नसलेलं मूल अजून बाहेरच होतं.

त्या मुलाकडे खरं लक्ष गेलं ते पुस्तकांच्या दुनियेपासून लांब. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या, आणि 1957 मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. परदेशी बनावटीची महागडी शैक्षणिक साधनं परवडणारी नव्हती. म्हणून पानं, बिया, शिंपले, खडे हीच साधनं झाली. गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणावर नेली आणि तिला नाव दिलं कुरणशाळा. मराठी बालशिक्षणातली ही मला सर्वांत धाडसी गोष्ट वाटते. निसर्ग तिथे उपदेशाचं वाहन नव्हता. हातात घेऊन मोजायची, लावायची, वास घ्यायची वस्तू होता. ही दृष्टी तेव्हाच चित्रकारांपर्यंत पोहोचती तर आपली पुस्तकं वेगळी झाली असती.

मोठ्यांना मात्र निसर्ग भरभरून मिळाला. दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ 1956 चं. मारुती चितमपल्लींनी जंगल मराठीत आणलं. मुलांसाठी 1967 मध्ये पुण्यात बालभारती उभी राहिली, 1971 मध्ये तिचं ‘किशोर’ मासिक आलं, आणि मान्यवर चित्रकारांची चित्रं खेड्यापाड्यांतल्या शाळांत पोहोचली. पण ‘किशोर’ही थोड्या मोठ्या मुलांचं.

मांडीवरच्या मुलाचं पुस्तक म्हणजे काय, हे पुण्यातच माधुरी पुरंदरे यांनी दाखवून दिलं. ‘राधाचं घर’मध्ये तात्पर्य नाही, घरातली माणसं आहेत, जशी असतात तशी. ज्योत्स्ना प्रकाशनाने अशी पुस्तकं निगुतीने काढली. आता त्याच नजरेने घराबाहेरचं झाड पाहायला हवं. पानावर चारच ओळी म्हणून पुस्तक महाग वाटतं, अशी तक्रार पालक करतात. पण मूल ओळी मोजत नाही. ते एका पानावर बोट ठेवून दहा वेळा तेच विचारतं, आणि त्या दहा वेळांना पुरेल इतकं चित्रात असावं लागतं. पान कुठल्या झाडाचं, फांदी कशी वाकलीय, यात चित्रकाराने चुकून चालत नाही. ‘मित्रांनो, झाडे लावा’ असं शेवटच्या पानावर छापलं की इसापाचं तात्पर्यच हिरवा रंग लावून परत येतं.

मला तांबटाचं पुस्तक हवं आहे. पहिल्या पानावर फक्त ठोके, पक्षी दिसतच नाही. मग आळीतला कारागीर, हातात हातोडी. मग पिंपळ. मग शेवग्याची वाळकी फांदी, तिच्या खालच्या बाजूला छोटंसं गोल भोक, आणि त्या भोकातून बाहेर डोकावणारी जाड चोच, तिच्याभोवती राठ मिशा. शेवटच्या पानावर एकही अक्षर नको, नुसती उघडी खिडकी असावी.