फितीवरचे खेळ

ग्वाल्हेरात उस्ताद हाफिज अली खाँ यांच्या वडिलोपार्जित घराचे संग्रहालय झाले आहे. 'सरोद घर' हे त्याचे नाव. तथापि ग्वाल्हेरचे खरे धन काचेआडचे नव्हे. वासुदेवबुवा जोशी यांच्याकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी जी गायकी घेतली आणि महाराष्ट्रात आणली ती आजही जिवंत आहे, कारण ती गायिली जाते. बंदीश वहीत उतरली एवढ्याने ती टिकत नाही.

हे आठवले ते व्हिडिओ गेमच्या निमित्ताने. काही वाचकांना ही सांगड थट्टेची वाटेल. १९७८ साली जपानच्या टायटो कंपनीचा 'स्पेस इनव्हेडर्स' आला, १९८० साली 'पॅक-मॅन' आला. नाणे टाकून चालणाऱ्या त्या यंत्रांना वडीलधारी मंडळी व्यसन म्हणत, आणि ते सर्वस्वी खोटे होते असेही नाही. परंतु हेच खेळ घरात शिरले तेव्हा वेगळेच घडले. इंग्लंडात १९८२ साली निघालेल्या सिंक्लेअरच्या 'स्पेक्ट्रम' संगणकाची परवान्याने केलेली आवृत्ती त्याच दशकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीने बाजारात आणली. घरचा दूरदर्शन संच हाच तिचा पडदा. गाण्यांचा टेपरेकॉर्डर हेच तिचे कपाट. कॅसेट लावली की कर्कश किंकाळ्या सुरू होत, चार-पाच मिनिटांनी खेळ उघडे आणि मध्येच फीत अडखळली तर पुन्हा पहिल्यापासून! स्मृती अवघी ४८ किलोबाइट. भ्रमणध्वनीवरचे एक बरेसे छायाचित्रही आज तेवढ्यात मावणार नाही. त्या चिमुकल्या जागेत रचनाकारांनी संपूर्ण खेळ बसविले. खेळातील तीन 'जिवां'चे तीस करण्याच्या लोभाने कित्येक मुलांनी प्रोग्रॅमचे पहिले धडे गिरविले, ही गोष्ट आम्हाला शाळेतील पाठाहून मोलाची वाटते.

त्या फिती आज कोठे आहेत? माळ्यावर. आमच्या किनारपट्टीवर चार महिन्यांचा पाऊस कॅसेटवर बुरशी चढवितो, खारा वारा यंत्रांच्या पट्ट्या खातो. परदेशातील हौशी लोकांनी हजारो फिती उतरवून घेतल्या. जुन्या यंत्राची नक्कल करणारे प्रोग्रॅमही केले, म्हणून ते खेळ आजही खेळता येतात. पण आपल्या मुलांनी स्वतः लिहून कॅसेटवर भरलेले खेळ कोण उतरविणार?

कायदाही आड येतो. १९८४ च्या दुरुस्तीने संगणक प्रोग्रॅम वाङ्मयीन कृतींत मोडू लागला. म्हणजे हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे. इतकी वर्षे ती फीत जगणार नाही. २०१२ साली सार्वजनिक ग्रंथालयांना जतनासाठी कृती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठविण्याची मुभा मिळाली, तीही ग्रंथालयापाशी 'अ-डिजिटल' प्रत असेल तरच! मग कॅसेटवरच्या खेळाने जावे कोठे? ही अट संसदेने काढून टाकावी.

ग्वाल्हेरात माहिती तंत्रज्ञान व व्यवस्थापनाची केंद्रीय संस्था १९९७ पासून आहे. सरोद घराच्या त्या शहरात या संस्थेने, आणि पुण्यात तेथील विद्यापीठाने, अशा फिती गोळा करून त्या विद्यार्थ्यांना खेळावयास द्याव्यात. नुसत्या कपाटात ठेवू नयेत. आणि ज्यांच्या माळ्यावर ती पेटी असेल त्यांनी ती येत्या मृगापूर्वी खाली उतरवावी.