हब लॉक राहू द्या, लिव्हर सोडा

मृग तोंडावर आला आहे. येत्या दोन-तीन आठवड्यांत घनसावंगी, अंबड, परतूर, मंठ्याकडच्या जुन्या फोर बाय फोर जीप आणि पिकअप आपल्या गॅरेजच्या दारात उभ्या राहतील. मालक ठरलेला प्रश्न विचारेल, "मिस्त्री, हब लॉक करून गाडी पळवली तर चालतं का?" आणि आपल्यातले बरेच जण ठरलेलं उत्तर देतील, "चिखल लागला की लॉक करा, डांबरीवर आलात की लगेच सोडा, नाहीतर क्राउन-पिनियन जाईल." हे उत्तर चूक आहे. त्याच्यामुळे दर पावसाळ्यात गाड्या रुततात, म्हणून यंदा ते बदलावं अशी माझी विनंती आहे.

हब लॉक केल्याने इतकंच होतं की पुढचं चाक एक्सेलला जोडलं जातं. मग चाकाबरोबर एक्सेल, डिफरेन्शियल आणि पुढचा प्रॉपेलर शाफ्ट रिकामे फिरतात. ट्रान्स्फर केसचा लिव्हर दोनवर असेल तर पुढच्या आणि मागच्या शाफ्टचा एकमेकांशी संबंधच येत नाही. थोडा आवाज वाढेल, डिझेल किंचित जास्त जाईल, क्रॉस आणि बेरिंग थोडे झिजतील. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिज जीपला फिरवायचे हब नव्हतेच. साध्या फ्लँजने चाक एक्सेलला कायमचं आवळलेलं असे. अशा सहा लाखांवर जीप विलिज आणि फोर्डने बनवल्या आणि त्या रणांगणात, डांबरीवर, वाळूत सारख्याच पळाल्या. युद्ध संपल्यावर १९४८ मध्ये अमेरिकेत आर्थर वॉर्न यांनी सुटे होणारे हब बनवायला घेतले, ते रस्त्यावर पुढच्या भागांचं विनाकारण फिरणं वाचावं म्हणून. लॉक हब धोक्याचा आहे, असं त्यामागे काही नव्हतं.

धोका आहे तो लिव्हरचा. लिव्हर चारवर टाकला की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधले जातात. वळणावर पुढची चाकं मोठ्या वर्तुळातून जातात, म्हणजे पुढच्या शाफ्टला जास्त फेरे हवे असतात आणि ट्रान्स्फर केस ते देत नाही. काळ्या मातीच्या गाऱ्यात टायर घसरून हा फरक मिटवतो. कोरड्या डांबरावर टायर घसरत नाही, मग सगळा पीळ गिअरच्या दातांत साचतो आणि लिव्हर अडकून बसतो. सरळ रस्त्यावरही सुटका नाही. पुढे नवे आणि मागे गुळगुळीत टायर असलेल्या गाडीचा ढोबळ हिशेब करून पाहा. सत्तर सेंटिमीटर व्यासाच्या टायरची आठ मिलिमीटर नक्षी झिजली, तर किलोमीटरमागे चाकाचे दहा-अकरा फेरे वाढतात. क्राउन-पिनियनचं प्रमाण एकास पाच धरलं तर शाफ्टचे पन्नासहून जास्त. सकाळी शिवरस्त्यावरून निघालेली गाडी दुपारी समृद्धी महामार्गावर चढते तेव्हा लिव्हर कुठे आहे, एवढंच मालकाला विचारायचं. हबबद्दल विचारायची गरज नाही. (फोर व्हील ट्रॅक्टरवाल्यांनाही हेच सांगा. तिथे हब नाहीत, पण पुढची चाकं मुद्दाम किंचित जलद फिरवलेली असतात. डांबरीवर पुढची जोडणी चालू राहिली की पुढचे टायर संपतात.)

आता उलट बाजू. हब सुटे आणि लिव्हर चारवर असेल तर पुढचा शाफ्ट फिरतो, चाकं मात्र ओढत नाहीत. जुन्या जीपमध्ये पुढची जोडणी झाल्याशिवाय लो गिअर पडतच नाही, कारण सुमारे अडीचपट झालेली ताकद एकट्या मागच्या एक्सेलवर येऊ नये अशी ती रचना आहे. सुट्या हबने ती रचनाच फसवली जाते. रुतलेली गाडी लोमध्ये जोराने काढताना मागचा एक्सेल तुटतो तो असा, आणि आपण 'माल हलका निघाला' म्हणून मोकळे होतो.

एक हब लॉक आणि एक सुटा हा सगळ्यांत वाईट प्रकार. डिफरेन्शियल सगळी ओढ सुट्या बाजूला सोडून देतं आणि लॉक बाजूचं चाक जागचं हलत नाही. हे मी स्वतः भोगलं आहे. आंबे बहाराची मोसंबी भरलेली जीप घनसावंगी तालुक्यातल्या एका बागेच्या वाटेवर पाऊण चाक रुतली. दोन्ही डायल लॉकवर होत्या. डावा हब उघडला तर आत जाड ग्रीस ठासून भरलेलं, सरकणारी कडी अर्ध्यावरच थांबलेली. ट्रॅक्टरने ओढून काढेपर्यंत अंधार पडला, आणि माल दुसऱ्या दिवशी मोंढ्यात गेला तेव्हा भाव उतरला होता. ज्याने ते ग्रीस भरलं त्याला वाटलं असणार, जास्त भरलं म्हणजे जास्त चांगलं केलं. आत नुसता पातळ हात फिरवायचा असतो.

म्हणून मालकाला असं सांगा: पाऊस असेपर्यंत वावरात जाणाऱ्या गाडीचे हब घरूनच लॉक करून निघा आणि खुशाल लॉकच ठेवा. गाऱ्यात उतरून, गुडघाभर चिखलात डायल शोधायची वेळ येऊ देऊ नका. उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा, लिव्हर दोनवर ठेवून, दहा-पंधरा किलोमीटर हब लॉक करून चालवा, म्हणजे पुढच्या डिफरेन्शियलमधलं तेल वरच्या बेरिंगपर्यंत पोचतं. हब सोडण्याआधी लिव्हर दोनवर आणून गाडी चार-सहा फूट मागे घ्या, पीळ निघून जातो.

आणि गाडी बाहेर पाठवण्याआधी एक तपासणी कराच. दोन्ही हब लॉक, लिव्हर चारवर, बाकीच्या चाकांना ओट लावून पुढचं एकच चाक जॅकवर घ्या आणि हाताने फिरवा. फिरलं, तर दोनपैकी एक हब पकडत नाही. पाच मिनिटांचं काम आहे. ते मालकाच्या हातून करून घ्या. चाक हलत नाही हे त्याला स्वतःच्या तळहाताला कळू द्या.