दादाला का नाही?

सकाळी सव्वासातला फोन वाजतो. ‘ताई, आज नाय जमणार यायला.’ बस्स! शहरातल्या कुठल्याही डबल इन्कम घराची घडी विस्कटायला एवढं एक वाक्य पुरतं. कुणी नऊची मीटिंग दहावर ढकलतं, कुणी कालचीच भाजी डब्यात कोंबतं, आणि या सगळ्या धावपळीत घरातले दोन सदस्य सोफ्यावर बसून शांतपणे मोज्याची जोडी सापडायची वाट बघत असतात. वय अनुक्रमे बारा आणि नऊ. हातपाय शाबूत, बुद्धी तल्लख, वायफायचा पासवर्ड तोंडपाठ. पण पाण्याची बाटली? ती भरायला ‘मम्माआआ’!

तर मंडळी, आजचा विषय मुलं आणि घरकाम. तुमच्यापैकी अर्ध्यांना अजून मुलं नाहीत, ठाऊक आहे. मलाही नाहीत. पण मला एक ताई आहे, ताईला नवरा आहे, दोन मुलं आहेत आणि हिंजवडीत नोकरी आहे. शिवाय मी फ्रीलान्सर, म्हणजे ‘तुझं काय, तू घरीच असतेस’ या न्यायाने तिच्याकडे माझा मुक्काम वरचेवर पडतो. जे लिहितेय ते डोळ्यांदेखत पाहिलेलं आहे.

मागच्या वर्षी ताईला टीम लीडची ऑफर आली. दहा वर्षं वाट बघितली होती तिने. अट एकच, आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळी सात ते नऊ अमेरिकेतल्या क्लायंटबरोबर कॉल. कॉल घरून घेतला तरी चालेल, पण त्या दोन तासांत जागचं हलायचं नाही. आणि ताई चक्क ‘नाही’ म्हणायला निघाली होती! कारण सात ते नऊ म्हणजे घरातला पीक अवर. कुकर, डबे, गृहपाठ, उद्याचा युनिफॉर्म. पोळ्यांच्या मावशी येतात सकाळी. जिजू बँकेतून घरी पोचतात आठला, तेही ट्रॅफिक बरा असेल तर. म्हणजे एका बाईचं प्रमोशन अडलं होतं कशावर, तर वरणभातावर.

मग घरात मीटिंग झाली. आयटीवाल्यांचं घर ते, फ्रिजवर लगेच तक्ता लागला. कामांपुढे रेट! पलंग आवरणं पाच रुपये, डबे सिंकमध्ये घालून पाणी सोडणं पाच, कपड्यांच्या घड्या दहा. पहिला आठवडा घर लखलखत होतं. दुसऱ्या आठवड्यात भाच्याने घड्यांचा रेट पंधरा मागितला. तिसऱ्या आठवड्यात तो म्हणाला, ‘आज मला पैसे नकोत,’ आणि जाऊन टीव्हीपुढे बसला. बरोबरच होतं की त्याचं. पैसे नकोत म्हणजे काम नको. करार तसाच होता ना?

याबद्दल एक झकास प्रयोग झालेला आहे. फेलिक्स वॉर्नकेन आणि मायकेल टोमासेलो या दोन मानसशास्त्रज्ञांचा हा अभ्यास २००८मध्ये प्रसिद्ध झाला. मुलं होती जेमतेम वीस महिन्यांची. मोठ्या माणसाच्या हातून वस्तू पडली की ही पिल्लं ती उचलून द्यायला धावायची. काहींना त्याबद्दल बक्षीस मिळालं, काहींना नुसती शाबासकी, काहींना काहीच नाही. पुढे बक्षीस बंद झाल्यावर ज्यांना ते मिळालं होतं तीच मुलं कमी मदत करायला लागली. बाकीच्यांचा उत्साह कायम! दोन वर्षांचं पोर केरसुणी ओढत मागे फिरत असतं तेव्हा आपणच म्हणतो, ‘सोड ती, पसारा करू नकोस.’ आणि बाराव्या वर्षी त्याच पोराला रेटकार्ड दाखवतो. गंमत आहे ना?

तर रेट गेले, नुसती वाटणी उरली. भाची, वय नऊ: ताटं-पाणी घेणं, भाजी निवडणं, कपड्यांच्या घड्या. भाचा, वय बारा: ओला-सुका कचरा खाली नेणं आणि ‘नेटचं काही असेल तर’. चौघांनी तक्ता वाचला. तिघांना तो अगदी नॉर्मल वाटला. चौथीने विचारलं, ‘दादाचं काम दोन मिनिटांचं आणि माझं रोज तासभर. भाजी दादाला का नाही?’

ताई गप्प. जिजूंना अचानक फोनमध्ये महत्त्वाचं काहीतरी दिसलं.

हा प्रश्न एका घरापुरता नाही हो. केंद्र सरकारचं ‘टाइम यूज सर्व्हे’ नावाचं सर्वेक्षण असतं, माणसं दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात त्याचं. २०२४च्या पाहणीत, घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचा त्यात रोज सरासरी २८९ मिनिटं वेळ गेला. जे पुरुष ही कामं करतात त्यांचा ८८ मिनिटं. म्हणजे जवळजवळ पाच तास आणि दीड तास! ‘जे करतात त्यांचा’ हे शब्द नीट वाचा, कारण मुळात करणारे पुरुषच कमी. आणि या पाहणीत वयाच्या सहाव्या वर्षापासूनची माणसं मोजतात. थोडक्यात, आमची भाची आणि भाचा दोघंही त्या हिशेबात बसतात. फ्रिजवरचा तो तक्ता म्हणजे याच आकड्यांची बालआवृत्ती होती.

आपण शब्दसुद्धा कसा वापरतो बघा. ‘आईला मदत कर.’ मदत कुणाला करतात? ज्याचं काम आहे त्याला. म्हणजे काम आईचं, हे आधीच ठरलेलं! मुलगा ताट उचलतो तेव्हा तो आईवर उपकार करत असतो, आणि उपकार काय, मूड असला की करायचे. मला तर हा शब्द घरकामापुरता बंदच करावासा वाटतो. बालभारतीने २०१९मध्ये दुसरीच्या पुस्तकात आई आणि बाबा दोघंही स्वयंपाकघरातलं काम करतानाची चित्रं दिली तेव्हा बऱ्याच जणांना त्याचं केवढं कौतुक वाटलं होतं! भाजी निवडणारा बाबा ही बातमी व्हावी, यातच सगळं आलं.

दुसरा तक्ता भाचीने स्वतःच्या हाताने लिहिला. त्यात जिजूंचंही नाव होतं. आणि मुख्य बदल असा, की सुटी सुटी कामं नाहीत, अख्खं खातं एकाकडे. कपडे म्हणजे दोरीवरून काढणं, घड्या घालणं आणि ज्याच्या त्याच्या कपाटात ठेवणं. डबे म्हणजे चारही दप्तरं-बॅगांतून बाहेर काढण्यापासून पुसून फळीवर लावण्यापर्यंत. विसरलं तर आठवण करायची नाही, सकाळी डबा ओशट मिळेल तेवढंच. ही कल्पना भाचीची नव्हे, ताईची. ऑफिसात ती हेच करते म्हणे. नाहीतर ‘आता हे कर, आता ते कर’ सांगण्यातच तिची संध्याकाळ जायची, आणि सांगणं हेही कामच की.

भाच्याच्या वाट्याला कुकर आला. जिजू आठला येईपर्यंत डाळ-तांदूळ धुऊन कुकर भरून तयार ठेवायचा. गॅस पेटवायचा तो जिजू ओट्याशी उभे राहिल्यावरच, आणि प्रेशर पूर्ण उतरल्याशिवाय झाकणाला हात नाही, हे दोन नियम पहिल्या दिवसापासून पक्के. बाकी चुकायला पूर्ण मोकळीक. पहिल्या दिवशी भाताची खीर झाली. दुसऱ्या दिवशी भांड्यांत पाणी मोजून घातलं, पण कुकरच्या तळाशी घालायचंच राहिलं. जिजूंनी वेळेत विचारलं म्हणून वाचलो. चौथ्या दिवशी डाळीत हळद-हिंग न सांगता पडलं. सहाव्या दिवशी तो मला, म्हणजे प्रत्यक्ष मावशीला, सांगत होता की तांदळावर बोटाचं एक पेर पाणी पुरतं!

याच सुमारास साताऱ्याहून ताईच्या सासूबाई आल्या. ‘पोरग्याला कुकर लावायला लावता? शाळेत मार्क कमी पडले म्हणजे?’ ताई म्हणाली, ‘धाकटीला भाजी निवडायला बसवलं तेव्हा मार्कांचं नाही विचारलंत, आई.’ दोन दिवस घरात थंड युद्ध. तिसऱ्या दिवशी जेवताना आजी पुटपुटल्या, ‘वरणात मीठ कमी आहे.’ भाचा फुगला. मला मात्र हायसं वाटलं. आजींनी त्याला कौतुकातून वगळून सुनांच्या रांगेत बसवलं होतं!

एक गोष्ट मात्र टोचली. सकाळच्या मावशी भांडी घासताना तक्त्याकडे बघून हसल्या. ‘आमच्यात कागद नाय लागत. माझी आठवीतली हाय ना, पाणी भरून भाकरी करूनच शाळंला जाती.’ आणि मुलगा? ‘त्यो खेळतो की.’ त्यांच्या लेकीच्या वाट्याला काम येतंय ते काही शिकवण म्हणून नाही, आई आमची भांडी घासायला सातला बाहेर पडते म्हणून. या दोन्ही गोष्टींना ‘मुलांना घरकामाची सवय’ असं एकच नाव द्यायला माझी जीभ वळत नाही. त्या दिवशी ताईने मावशींना दर रविवारची सुट्टी दिली. पगार तोच. रविवारची भांडी आता जिजू घासतात, भाचा पुसतो.

ताईने ऑफर घेतली. कॉल सुरू होऊन आठ महिने झाले. घर चकचकीत वगैरे नाही हं! घड्या वाकड्या असतात, आणि सुरुवातीला ताई रात्री गुपचूप उठून त्या परत घालायची. भाचीने एकदा पकडलं तेव्हापासून बंद. मंगळवारी डबे हमखास विसरतात, कारण त्या दिवशी भाच्याचं टेबल टेनिस असतं. जिजूंचा नंबर भाजीचा, त्यामुळे आठवड्यातून दोनदा बटाटाच.

सध्या वाद वेगळाच चाललाय. भाचीला दिवाळीनंतर कुकर हवाय. ती म्हणते, खाती बदलली पाहिजेत, दर सहा महिन्यांनी. भाचा म्हणतो, ती अजून दहाची पण नाही, आणि शिवाय तिला पेराचं माप कळत नाही, तिची बोटं लहान आहेत. निकाल जिजू देणार आहेत.